बाजूला विचारा

सकाळी दूध गॅसवर ठेवते आणि नेमकी बेल वाजते. दार उघडलं की समोर कोणीतरी उभं. कधी हातात रेशन कार्डाची झेरॉक्स, कधी मोबाइलमध्ये तुंबलेल्या गटाराचा फोटो, कधी नुसतंच कावलेलं तोंड. "मॅडम आहेत का?" मी म्हणते, "बाजूला विचारा." ते "सॉरी हां" म्हणून शेजारच्या दाराकडे वळतात. तिथे चपलांचा ढीग, दारावर पितळी पाटी, पाटीवर माझंच आडनाव आणि त्याच्या आधी तिचं नाव. मी दार लावून आत येते तर दूध उतू गेलेलं असतं.

सांगूनच टाकते, आडपडदा कशाला. माझी धाकटी जाऊ आमच्या वॉर्डाची नगरसेविका आहे आणि मी तिच्यावर जळते. थोडीथोडकी नाही, चांगली धगधगून. लोक म्हणतात, "मजा आहे बुवा तुमची, घरातच नगरसेविका!" मी हसते, आणि हसून हसून माझे गाल दुखतात. जावा-जावा, उभा दावा म्हणतात ते काय उगाच नाही. पण आमच्यात दावा वगैरे काही नव्हता कधी, हीच तर गंमत आहे. भांडण असतं तर निदान मन मोकळं करता आलं असतं. ही बाई भांडतच नाही. तिच्याशी भांडायचं म्हणजे उशीला बुक्के मारायचे.

आम्ही मुलुंड आणि नाहूरच्या मधे राहतो. चाळ पाडून तिथेच इमारत झाली, तेव्हा दोन भावांच्या दोन खोल्यांच्या जागी दुसऱ्या मजल्यावर शेजारशेजारचे दोन फ्लॅट मिळाले. भिंत एकच, मागच्या बाजूला तिच्यात एक दरवाजा. तिच्याकडे मिक्सर लागला की माझ्याकडे कळतं आज चटणी आहे. आमचे हे कांजूरमार्गला एका कंपनीत आहेत. स्वभावाने इतके गरीब की रिक्षावाल्याने उलटं नेलं तरी बोलणार नाहीत. धाकटा दीर पक्षाचं काम करायचा. मी घरी शिवणकाम करते, ब्लाउज आणि फॉल-पिको. सासूबाई माझ्याकडे. आणि आमच्या गेटबाहेर स्टेशनकडे जाणारी बाजारगल्ली. भाजीवाल्या, मच्छीवाल्या, फुलवाल्या, सगळ्या बायकाच बायका.

ती नगरसेविका व्हायच्या आधी बेल माझ्यासाठी वाजायची, हे कोणी आता सांगत नाही, म्हणून मला सांगावं लागतं. माझ्या दाराला पितळी पाटी नव्हती, पण अख्ख्या गल्लीला माझं दार माहीत होतं. नळाला पाणी गढूळ आलं, चला ताईकडे. गटाराचं झाकण चोरीला गेलं, चला ताईकडे. वॉर्ड ऑफिसमध्ये कुठलं काम कुठल्या टेबलावर होतं आणि त्या टेबलावरचा माणूस जेवून कधी परत येतो हे मला तोंडपाठ होतं. मला बघितलं की तिथला शिपाई म्हणायचा, "आली वाघीण." मी बोलायचे पण तशीच. एकदा पाणी खात्याच्या साहेबासमोर गढूळ पाण्याची बाटली ठेवली आणि म्हटलं, "प्या आधी, मग बोलू." दीर सगळ्यांना सांगायचा, "आमची वहिनी म्हणजे बिनपगारी नगरसेविका." मला ते ऐकायला फार आवडायचं. आवडायचं म्हणजे काय, दोन-दोन दिवस पुरायचं.

त्यात माझं एक काम होतं जे काही केल्या होत नव्हतं. बाजारगल्लीत बायकांसाठी मुतारी नव्हती. पूर्वी एक होती, रस्ता रुंद करताना पाडली, "नवीन देऊ" म्हणाले आणि दिली डोंबलाची. बाजारातल्या बायका पहाटे माल घ्यायला निघतात आणि दुपार उलटल्यावर घरी जातात. तेवढा वेळ काय करायचं? पाणीच प्यायचं नाही. उन्हाळ्यात बाटलीभर पाणी शेजारी आणि त्याचा एक घोट नाही, ओठ ओले करायचे फक्त. एक मेथी विकणारी मावशी होती, म्हातारी, जिभेची तिखट. तिला त्यापायी मुतखडा झाला. दवाखान्यात मी भेटायला गेले तर म्हणाली, "बाय, मी मरायच्या आधी तेवढी मुतारी बांधून घे गं." मी तिच्या हातावर हात ठेवून म्हटलं, "मीच बांधून घेणार, मावशी." मी वॉर्ड ऑफिसला अर्ज दिले, बायकांना घेऊन जिन्यावर बसले, ओरडून ओरडून घसा बसला. दर वेळी तेच उत्तर, "जागा बघतोय, ताई."

मग निवडणूक आली. कुठला वॉर्ड कोणासाठी राखीव याची चिठ्ठ्या टाकून सोडत काढतात, त्यात आमचा वॉर्ड महिलांसाठी निघाला. किती वर्षं दीर गुडघ्याला बाशिंग बांधून बसला होता, त्याची वाटच लागली. पण माझ्या छातीत जे काय धडधडायला लागलं! खाली फुलवाली म्हणाली, "ताई, आता तुम्हीच हां." मच्छीवाली म्हणाली, "तू नाय तर कोण?" मी वरवर म्हणत होते, छे गं, आपल्याला कुठे जमतंय. आणि घरी येऊन कपाटातली कॉटनची साडी काढून बघत होते, निळी की अबोली.

संध्याकाळी दीर आला, सोबत पक्षाचे दोघं-तिघं. त्यात एक चष्मेवाला होता, उमेदवारीचे अर्ज भरायचं काम करणारा. सगळे माझ्याकडेच बसले. सासूबाई कॉटवर, जाऊ स्वयंपाकघरात, माझी धाकटी मुलगी खाली सतरंजीवर गृहपाठ करत, तेव्हा ती नववीत होती. दीर म्हणाला, "वहिनी, नाही म्हणायचं नाही. तुमचंच नाव सगळ्यांच्या तोंडात आहे." मी यांच्याकडे बघितलं. हे हसले. आयुष्यात इतकं गोड हसले नव्हते.

चष्मेवाल्याने पेनाचं टोपण काढलं. नाव, वय, शिक्षण. मग विचारलं, "मुलं किती?"

"तीन मुली," मी ठसक्यात म्हटलं.

"धाकटीचं वय?"

मी सांगितलं. त्याने टोपण परत लावलं. दिराचा चेहरा पडला. मला काही कळेना. मग चष्मेवाल्याने जमेल तितक्या हळू आवाजात सांगितलं की दोनपेक्षा जास्त मुलं असली की महापालिकेला उभं राहता येत नाही, कायदाच आहे तसा. कायदा होण्याआधी तिसरं मूल झालं असतं तर चाललं असतं. माझी धाकटी नंतरची.

वॉर्डातला प्रत्येक नियम माहीत असलेली मी. हा तेवढा माहीत नव्हता. कसा असणार? मी काय उमेदवारीचा अर्ज भरायला थोडीच जात होते तिथे!

तिसरी का झाली ते काय मी सांगायला पाहिजे? दोन मुलींनंतर मी बस म्हणत होते. सासूबाईंनी दोन वर्षं तोंड उतरवून घरात फिरून दाखवलं. "एक झील होऊंदे, मगे बंद कर." झाली तिसरी मुलगीच. आणि जावेला पहिल्याच फटक्यात मुलगा, मग मुलगी, दुकान बंद. तिथेही तीच पुढे. तर त्या दिवशी त्याच सासूबाई कॉटवरून माझ्या धाकटीकडे बघत म्हणाल्या, "म्हंजे ह्या पोरीपायी गेला?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. दीर, चष्मेवाला, हे, मी. पोरगी वहीत डोकं घालून बसली होती, पण पेन थांबलं होतं.

आणि नेमकी तेव्हा माझी जाऊ चहाचा ट्रे घेऊन मधेच उगवली. "चल गं, हा धर," असं काहीतरी धाकटीला म्हणाली आणि ट्रे तिच्या हातात दिला. झालं! सगळ्यांच्या नजरा पोरीवरून उठल्या आणि जावेवर जाऊन बसल्या. दिराच्या डोळ्यांत तर दिवाच लागला. "अरे, मग आपल्या हिला करू की! दोनच आहेत आपल्याला." मी अजून म्हणते, ती त्या घडीला बाहेर आली नसती ना, तर कोणाला आठवलीही नसती. पदर तोंडात धरून बोलणारी बाई ती. बस कंडक्टरला सुट्टे मागायची झाली तरी मला ढोसायची. आत वळता वळताच म्हणाली, "मला नाही बाई जमायचं. ताईच बोलतील, मी नुसती उभी राहीन."

आणि तसंच झालं. ती नुसती उभी राहिली आणि बोलले मी. प्रत्येक सोसायटीच्या आवारात, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी. लोक टाळ्या मला वाजवायचे आणि हात जोडायचे तिला. मुतारीचं वचन मी दिलं, तिच्या नावाने. घरी आल्यावर ती माझ्यासाठी गरम पाण्यात मीठ घालून आणायची, गुळण्या करायला. तेही मला टोचायचं. पण मी स्वतःला समजावत होते, नावाला ती, कामाला मी. अख्खं राज्य असं चालतं, आपला वॉर्ड का नाही चालणार?

निकाल लागला. ती निवडून आली. गेटवर ढोल, गुलाल, पेढे. मी तिच्या शेजारी उभी. तेवढ्यात गर्दीतून ती मेथीवाली मावशी वाट काढत आली. हातात झेंडूचा हार, स्वतः ओवलेला, पाणी शिंपडलेला. "आली गं माझी बाय निवडून!" म्हणत तिने तो सरळ माझ्या गळ्यात घातला.

बोलायला पाहिजे होतं, नाही बोलले. हार ओला होता, गार होता, मानेला टोचत होता, आणि मला वाटत होतं, राहू दे असाच. मग दीर ओरडला, "अहो मावशी, ही नाही, ही! ही नगरसेविका!" सगळे खो-खो हसले. मावशी गोंधळली, "अगं बाई, मी तर हिलाच मत दिलं." जाऊ म्हणाली, "राहू द्या ना, ताईंनाच शोभतोय." पण फोटोवाला थांबला होता. हार माझ्या गळ्यातून काढून तिच्या गळ्यात घातला, आणि काढताना माझे केस अडकून चार त्याच्याबरोबर गेले. तो फोटो तिच्या हॉलमध्ये लावलाय. मी त्यात आहे, अर्धी, कडेला.

पहिले काही महिने मला तिचा राग नव्हता, खरंच सांगते. कारण तिला काही येत नव्हतं. खाली गाळ्यात ऑफिस थाटलं, खुर्चीत दीर बसायचा, ती बाजूच्या स्टुलावर. तो म्हणेल तिथे सही. संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात यायची, "ताई, प्रभाग समितीच्या बैठकीत काय बोलायचं असतं हो?" मी भाजी चिरता चिरता सांगायचे आणि ती ओट्याला टेकून ऐकायची. तेव्हा माझं तिच्यावर फार प्रेम होतं. माझी धाकटीही तिच्या मागे मागे यायची, काकी-काकी करत. आधी माझ्याबरोबर वॉर्ड ऑफिसला यायची ती, सुट्टीत, माझी पिशवी धरून. त्या सोडतीच्या दिवसानंतर कधी आली नाही. मी म्हटलं, मोठी झाली, लाज वाटत असेल.

मग जावेने विचारायला येणं बंद केलं. आधी कमी केलं, मग बंद. मी दोनदा मुद्दाम आवाज देऊन विचारलं, "काय गं, आज काही नाही का विचारायचं?" तर म्हणाली, "नाही ताई, आज झालं माझं." झालं म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, कोण शिकवतं हिला आता?

कोणी शिकवत नव्हतं. एक दिवस मी खाली ऑफिसात गेले होते, ब्लाउजचं माप द्यायला आलेली बाई तिथे बसली होती म्हणून. दहा-बारा माणसं बसलेली, दीर खुर्चीत, काहीतरी मोठ्या आवाजात चाललेलं. जाऊ बाहेरून आली, पर्स ठेवली आणि त्याला म्हणाली, "अहो, जरा उठता का? मला बसायचंय." बस. एवढंच. आवाज चढवला नाही की काही नाही. दीर उठला. हो, उठला! दुसरं करतो काय, सगळ्यांच्या देखत? ती खुर्चीत बसली आणि पहिल्या माणसाला म्हणाली, "बोला काका." आठवडाभर गल्लीत दुसरा विषय नव्हता. ते वाक्य मी मनातल्या मनात किती जणांना म्हटलं असेल इतक्या वर्षांत. आणि म्हणून टाकलं कोणी, तर हिने.

तरी मुतारी होत नव्हती. तिच्याच्याने पण होत नव्हती, आणि मला, काय सांगू, बरं वाटत होतं. बाजारातून जाताना मावशी विचारायची, "काय झालं गं?" मी म्हणायचे, "विचारा की तुमच्या नगरसेविकेला." बायका पाणी न पिता बसल्या होत्या आणि मी असं बोलत होते. पण आतून जे वाटत होतं ते वाटत होतं.

मग एप्रिलात, कडक उन्हात, पाहणीचा दिवस ठरला. वॉर्ड ऑफिसातून एक इंजिनीअर बाई येणार होत्या, नव्याच बदलून आलेल्या, जागा बघायला. जागा बघतोय, जागा बघतोय करत इतकी वर्षं गेली, त्यातलंच हेही एक, असं मला वाटलं. मी मुद्दाम गेले, बघू तर काय दिवे लावते. मनात माझं भाषण तयार होतं. जाऊ अडखळली की मी पुढे होणार होते.

जावेने भाषणच केलं नाही. इंजिनीअर बाई गाडीतून उतरल्या तशी म्हणाली, "मॅडम, ऊन फार आहे, आधी लिंबू सरबत घ्या." बाईंनी घेतलं. मग सावकाश गल्ली दाखवायला निघाली. मच्छीवालीने खुर्ची दिली, चहा आला. बाईंनी नको नको म्हणत घेतला. पुढे मेथीवाल्या मावशीकडे नारळपाणी. "मावशीने तुमच्यासाठी आणून ठेवलंय मॅडम, मन मोडू नका." मग फुलवालीकडे परत चहा, आलं घालून. मी बघतेय, ही काय पाहणी आहे की हळदीकुंकू? जाऊ मधेमधे एखादं वाक्य बोलत होती. इथे जुनी होती. इथपर्यंत गटाराची लाइन आहे. आणि चालत होती इतकी हळू, जसं काही दिवसभर दुसरं काम नाही.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचल्यावर इंजिनीअर बाई जरा थांबल्या. इकडेतिकडे बघितलं. जावेच्या जवळ सरकून म्हणाल्या, "अहो, इथे जवळपास वॉशरूम कुठे आहे?"

जाऊ म्हणाली, "नाही ना मॅडम."

"म्हणजे? मग या सगळ्या जणी?"

"थांबतात. घरी जाईपर्यंत."

कोणी हसलं नाही. गल्लीभर बायका टोपल्यांमागे बसून बघत होत्या. इंजिनीअर बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग हातातल्या कपाकडे. गाडी गल्लीच्या त्या टोकाला, पार लांब. त्या सगळी गल्ली परत चालत गेल्या, भराभर, मान खाली घालून. महिन्याभरात मंजुरी आली.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मला सुचायला हवं होतं ते! इतकी वर्षं मी घसा फोडला, बाटल्या आपटल्या, जिन्यावर बसले, आणि या बाईने चहा पाजून काम केलं. चहा! पाहुण्याला चहा देण्यापलीकडे जिला काही येत नाही असं मी बारा गावांत सांगत फिरले, तिने त्याच चहावर मुतारी आणली. रात्री यांना सांगितलं तर म्हणाले, "हुशार आहे." मी कूस बदलून झोपले.

बांधकाम झालं. टाइल्स, पाणी, कडी आतून लागणारी, सगळं व्यवस्थित. उद्घाटनाला मांडव, लाल फीत. दारावर रिवाजाप्रमाणे मोठा फलक, "यांच्या प्रयत्नाने", खाली जावेचा आणि दिराचा हात जोडलेला फोटो. मी तो फलक डोळे फाडून वरपासून खालपर्यंत वाचला. माझं नाव नव्हतं. असणार कुठून? पण शोधलं. फीत मेथीवाल्या मावशीने कापली, आणि कापून कोणाची वाट न बघता सरळ आत गेली आणि कडी लावली. बाहेर येऊन म्हणाली, "झकास!" सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मग माइक जावेकडे आला. तिने तो माझ्यापुढे धरला. "ताई बोलतील," म्हणाली, "मी नुसती उभी राहते."

मी बोलले. आयुष्यात बोलले नाही इतकं सुरेख बोलले. पाडलेली मुतारी, दवाखान्यातली मावशी, वॉर्ड ऑफिसचा जिना, सगळं सांगितलं. बायका रडल्या. मच्छीवालीने शिटी मारली. मला वाटलं, आज तरी आहे हे माझं. आणि मी गर्दीत माझ्या धाकटीला शोधलं. आता ती बारावीला आहे, माझ्यापेक्षा उंच. दोघी मोठ्या लग्न होऊन गेल्या, घरात उरली ती एकटीच, आणि माझं हे तिने बघायला हवं होतं. ती मांडवाच्या खांबाशी उभी होती, काकीची पर्स खांद्याला अडकवून. माझ्याकडे बघतच नव्हती. काकीकडे बघत होती. आणि काकी नुसती उभी होती.

घरी आल्यावर मी तिला विचारलंच. पदराने घाम पुसत, हसत, सहज विचारल्यासारखं. "कसं झालं गं माझं भाषण?"

"मस्त झालं मम्मी."

"मग तू काकीकडेच का बघत होतीस?"

मला राहवेना. "नाही, सांगच. नऊ महिने पोटात मी वागवलं, आणि पर्स तिची धरतेस. मला कळू दे तरी. काय आहे तिच्यात? त्या दिवशी चहा घेऊन मधे आली म्हणून तिकीट मिळालं तिला. नाहीतर कोण विचारत होतं?"

"चहा नव्हता," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी. चहा तर कधीच पिऊन झाला होता, मम्मी. तूच दिलास सगळ्यांना. आजी तसं बोलली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. तू पण. काकी आतून रिकामा ट्रे घेऊन आली. त्यात काहीच नव्हतं. माझ्या हातात दिला आणि म्हणाली, चल गं, हा धर, जड आहे. आणि मला आत घेऊन गेली."

मी आठवायला लागले. कप कोणी दिले, कोणी उचलले. निळ्या फुलांचे कप, माझे चांगले. पाहुणे बसल्या बसल्या मीच दिले होते.

"बोलली काय आत?"

"काहीच नाही. नुसती उभी राहिली."

तेवढ्यात बेल वाजली. मी उठले. दारात एक माणूस, हातात झाडाच्या फांद्या छाटायचा अर्ज. "मॅडम आहेत का?"

"बाजूला," मी म्हटलं. दार लावून वळले आणि पोरीला हाक मारली. दोनदा मारली. मग भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, काकीकडच्या माणसाला सांगत होती, "बसा काका, काकी येतेच आहे." दोन फ्लॅटच्या मधला मागचा दरवाजा उघडाच असतो आमचा.